मंगळवारी कोण येईल?

औंधला जायचं ठरलं ते मामांच्या हट्टामुळे. मला साताऱ्याहून थेट सांगली गाठायची होती. तिथल्या विश्रामबाग भागात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आम्ही तिघी मैत्रिणींनी एक हॉल भाड्याने घेतला आहे. तिथे चित्रांचं दालन सुरू करायचं, दर महिन्याला एक प्रदर्शन लावायचं आणि महिन्यातल्या एका संध्याकाळी एखाद्या लेखकाला बोलावून वाचकांना त्याच्या पुस्तकावर सही घ्यायला बोलवायचं, असा आमचा बेत आहे. मामा आयुष्यभर शाळेत कलाशिक्षक होते. भिंतींचा रंग, दिव्यांच्या जागा, चित्रं टांगायची उंची, सगळं त्यांना विचारून करायचं होतं. ते म्हणाले, “आधी औंध. तुझ्या भिंती मग बघू.”

औंध साताऱ्याहून चाळीसेक किलोमीटर. यमाईच्या डोंगराच्या उतारावर श्री भवानी चित्रपदार्थ संग्रहालय आहे. संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते १९३८ साली उभारलं. राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं, धुरंधरांची चित्रं, हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्प, हे सगळं माण-खटावच्या दुष्काळी माळाला लागून असलेल्या एका गावात आहे. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली १९५२ साली, म्हणजे औंधनंतर चौदा वर्षांनी. हे मी दर वेळी कुणाला सांगते आणि दर वेळी समोरचा विचारतो, खरंच?

आम्ही आत होतो तेव्हा एका शाळेची सहल आली. रांग भराभर पुढे सरकत होती. एक सहावी-सातवीतला मुलगा एका तैलचित्रासमोर थांबला. चित्रातल्या बाईच्या साडीचा काठ जरीचा होता. मामा त्याच्याजवळ गेले. “जवळ जाऊन बघ, हात मात्र लावू नकोस. जर दिसते का?” मुलगा वाकून बघत राहिला. “नाही. नुसते पिवळे ठिपके आहेत.” “आता पाच पावलं मागे ये.” तो मागे आला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. पुन्हा पुढे गेला, पुन्हा मागे आला. तेवढ्यात बाईंनी हाक मारली आणि तो पळाला.

खाली पायथ्याशी चहा घेताना मामांनी विषयाला हात घातला.

“त्या पोराला आज जे दिसलं, ते माझ्या शाळेतल्या शेकडो मुलांना कधी दिसलं नाही. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा झाली, इंटरमिजिएट झाली. ए ग्रेड मिळाली की दहावीला सात गुण वाढतात, बी मिळाली की पाच, सी मिळाली की तीन. त्या ग्रेडसाठी वर्षानुवर्षं मी पोरांकडून स्थिरचित्रं काढून घेतली. त्यांतल्या निम्म्यांनी मूळ चित्र आयुष्यात एकदाही पाहिलेलं नव्हतं. म्हणून विचारतो, हे एवढं संग्रहालय रिकामं असताना तुला नवं दालन कशाला हवंय? पोरांच्या एसटीच्या भाड्याची सोय कर आणि त्यांना इथे आण. तेवढं पुरे.”

“इथे आणायचंच, मामा. पण इथे बाळासाहेबांनी जमवलेलं आहे. आज साताऱ्यात, कराडला, मिरजेत जे रंगवतायत, त्यांनी काय करायचं? जहांगीरला तारीख मिळायला वर्षं जातात. तारीख मिळालीच तर टेम्पोने चित्रं न्यायची, आठवडाभर मुंबईत राहायचं, आणि परत येताना तीच चित्रं टेम्पोत भरायची. आपल्याच गावच्या माणसाने त्याचं काम बघितलेलं नसतं. ज्याने शेजारच्या गल्लीतलं झाड रंगवलंय, त्या गल्लीने ते चित्र बघायला नको?”

“बघायला हवं. मग प्रदर्शन लाव. त्यात पुस्तकं आणि सह्या कशाला घुसडतेस?”

मामांचा खरा आक्षेप हा होता. पुढे बराच वेळ, पुसेसावळीपासून कडेगावच्या पुढपर्यंत, आमचं भांडण यावरच चाललं. त्यांचं म्हणणं असं की माणूस लेखकाला भेटायला आला की त्याची पाठ चित्रांकडे असते. चित्र मागचा पडदा होऊन बसतं. आणि हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, माझ्याच प्रदर्शनात.

तीन वर्षांपूर्वी मी एका गावात सभागृह घेऊन तीन दिवसांचं प्रदर्शन केलं होतं. खिळा मारायला बंदी होती, म्हणून पडद्याच्या दांड्यांना सुतळी बांधून चित्रं लटकवली. पंखा लावला की ती हलायची. म्हणून पंखे बंद ठेवले. उद्घाटनाला लोक यावेत म्हणून त्याच संध्याकाळी एका पुस्तकाचं प्रकाशन जोडलं. पाहुणे दीड तास उशिरा आले. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मग भाषणं. सभागृह भरलेलं होतं आणि सगळ्या खुर्च्यांचं तोंड व्यासपीठाकडे होतं. कार्यक्रम संपला, लोक चहाकडे गेले आणि तिथून घरी. चित्रकार कोपऱ्यात उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा या वेळात नऊ माणसं आली. त्यांतले दोघे पंखेवाले होते.

“ते विसरलीस?” मामा म्हणाले.

विसरले नव्हते. त्या दिवशीचा त्या चित्रकाराचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. पण त्यावरून मी काढते तो निष्कर्ष वेगळा आहे. मला वाटतं, तिथे चूक पुस्तकाची नव्हती. चूक व्यासपीठाची होती, आणि खुर्च्यांच्या तोंडाची.

“मामा, आपल्याकडे चित्र एकटं कधी होतं सांगा. पिंगुळीचे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र हातात धरून गोष्ट सांगतात. चित्र बघणारा तिथे ऐकणाराही असतो. आणि तुम्ही ज्यांच्या दारातून आत्ता बाहेर आलात, त्या बाळासाहेबांनी काय केलं? स्वतः कीर्तन करायचे, स्वतः चित्रं काढायचे. १९१६ साली त्यांचं चित्ररामायण छापून निघालं. १९१९ साली भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा एक लाख रुपये देऊ केले, आणि त्या ग्रंथासाठी चित्रंही काढून दिली. त्यांच्या डोक्यात चित्र आणि ग्रंथ ही दोन खाती होती का?”

“राजा होता तो. त्याच्या हातात संस्थान होतं. तुझ्या हातात भाड्याची पावती आहे.”

“किर्लोस्करवाडीला तर राजा नव्हता.”

त्यावर मामा हसले, कारण ती वाडी पुढे रस्त्यातच लागणार होती. तिथली जमीनसुद्धा औंध संस्थानानेच दिलेली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली निवडुंग माजलेल्या माळावर कारखाना काढला, नांगर बनवले. दहा वर्षांनी, १९२० साली, तिथून मासिक निघू लागलं. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार, व्यंगचित्रं काढणारे. पुढे १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघालं. नांगराच्या कारखान्याशेजारी छापलेली रंगीत मुखपृष्ठं पोस्टाने गावोगावी जात. माझ्या आजीच्या माजघरात गणपतीचं कॅलेंडर आणि ‘स्त्री’चं एक फाडून चिकटवलेलं मुखपृष्ठ, एवढीच दोन चित्रं होती. तिच्या लेखी चित्रकला म्हणजे ती दोन.

“आणि तिथेच अडचण आहे,” मामा म्हणाले. “छापलेल्या चित्रात ठिपके ठिपकेच राहतात. पाच पावलं मागे गेलं तरी त्यांची जर होत नाही. तुझ्या आजीला मूळ चित्र दाखवायला कुणी नव्हतं. तू पुस्तकं मांडलीस की लोक पुन्हा छापलेल्याकडेच वळणार. दोनशे रुपयांचं पुस्तक घेतील, त्यावर सही घेतील, फोटो काढतील आणि समाधानाने जातील. चित्र विकत घेणं तर सोडच, बघायचंही राहून जाईल.”

“पण येतील तरी.”

“येणं आणि बघणं यात फार अंतर आहे.”

मी भिलारचं उदाहरण काढलं. पाचगणीजवळचं स्ट्रॉबेरीचं गाव, ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव झालं. ब्रिटनमधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावावरून सुचलेली कल्पना. फरक असा की तिथे पुस्तकं विकायला असतात, भिलारला लोकांच्या घरात वाचायला ठेवलेली. त्या घरांच्या भिंती चित्रकारांनी रंगवल्या. मामांनी ते गाव पाहिलं होतं. त्यांना भिंती आवडल्या होत्या. “पण मी एका ओसरीवर तासभर बसलो,” ते म्हणाले, “तेव्हा पुस्तक उघडून बसलेली एकच मुलगी दिसली. बाकीचे भिंतीला पाठ लावून फोटो काढत होते.”

“ती एक मुलगी मला पुरेशी आहे, मामा.”

“मग तिच्यासाठी कर. गर्दीसाठी करू नकोस.”

मग त्यांनी जी. ए. कुलकर्ण्यांचं नाव काढलं. जी. ए. माणसांत फारसे आले नाहीत. सभा, सत्कार, भेटीगाठी टाळल्या. स्वतः चित्रं काढत, पण त्याचा गवगवा कधी केला नाही. “त्यांना कुणी टेबलापाशी बसवून सह्या घेतल्या असत्या का? तरी अख्खा महाराष्ट्र त्यांना वाचतो. त्यांची पत्रं कुणी संपादित केली? आपल्या सांगलीच्या म. द. हातकणंगलेकरांनी. म्हणजे माणूस भेटला नाही तरी शब्द पोचतो. लेखकाला बघायचं कशाला? लिहिलेलं वाचावं, रंगवलेलं बघावं. मध्ये माणूस उभा राहिला की तोच दिसतो.”

याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. हातकणंगलेकर सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात प्राध्यापक होते. २००८ साली सांगलीत साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष तेच होते. जी. एं.सारखा माणूस त्यांना मनातलं लिहायचा, तेही पत्रातून. भेटीची भूक पत्रावर भागवणारी ती दोन माणसं. पण आज पत्र कोण लिहितं? वाचकाला लेखकाशी दोन वाक्यं बोलायची असतील तर जागा कुठली? संमेलनाच्या मांडवात हजारो माणसं असतात. तिथे सही मिळते, बोलणं होत नाही.

गाडी औदुंबरला आली. कृष्णेचा घाट, दत्ताचं देऊळ, नदीवर वाकलेली झाडं. मामा घाटाच्या पायऱ्यांवर बसले आणि बऱ्याच वेळाने स्वतःहून बोलले.

इथे दर संक्रांतीला सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन भरतं. कवी सुधांशूंनी रुजवलेलं. मामा लहान असताना त्यांचे वडील त्यांना सायकलवर पुढे बसवून आणायचे. एका वर्षी मामांनी शाळेची वही एका लेखकापुढे धरली. लेखकाने सही केली नाही आधी. विचारलं, “काय वाचतोस सध्या?” मामांनी सांगितलं, वाचत नाही, चित्रं काढतो. “दाखव.” वहीच्या मागच्या पानावर बैल काढलेला होता. त्या लेखकाने तो नीट पाहिला, म्हणाला, “पुढचा पाय खोटा आहे. उद्या गोठ्यात जाऊन बघ.” आणि मग सही केली.

“वही केव्हाच गेली,” मामा म्हणाले. “सही कशी होती ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी गोठ्यात गेलो होतो, ते आठवतं.”

मी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती. जी. एं.च्या मुद्द्याचं उत्तर मामांनीच दिलं होतं आणि ते त्यांनाही कळलं होतं. पण ते हटले नाहीत. म्हणाले, “मग तसं कर. चाळीसच माणसं घे. लेखकाने प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा. जमत नसेल त्या लेखकाला बोलावू नकोस, तो कितीही मोठा असो.”

सांगलीत शिरताना आयर्विन पूल दाखवायला मी गाडी मुद्दाम गावातून घेतली. १९२९ सालचा हा पूल सांगलीकरांचं पुराचं माप आहे. इथे कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या भिंतींवर किती चढलं ते दाखवायला लोक अजून हात वर करतात. त्या पुरात नगर वाचनालयात पाणी शिरलं. जुने, पुन्हा न मिळणारे ग्रंथ लगद्यासारखे फुगून कपाटातच अडकून बसले. कपाटाचं दार उघडेना, कारण आतली पुस्तकं फुगली होती. ते ओले गठ्ठे बाहेर काढणाऱ्यांपैकी मी एक होते. हातात घेतलं की पान सुटायचं आणि शाई बोटाला लागायची. आम्ही विश्रामबागेत, तेही पहिल्या मजल्यावर जागा शोधली ती यासाठी. बाजारपेठेत खालच्या मजल्यावर निम्म्या भाड्यात दुकान मिळत होतं. दोघी मैत्रिणी त्याच बाजूच्या होत्या. मी अडून बसले.

हॉलमध्ये गेल्यावर मामांनी चपला काढल्या आणि अर्धा तास कुणाशी बोलले नाहीत. खिडक्या उघडून बघितल्या, पश्चिमेकडची बंद करायला सांगितली, कारण संध्याकाळचं ऊन थेट समोरच्या भिंतीवर येत होतं. जलरंग त्या भिंतीला लावलेत तर दोन वर्षांत उडतील, म्हणाले. मी पेन्सिलीने मारलेल्या खुणा बघून त्यांनी मान हलवली.

“एवढ्या उंचीवर कुणासाठी?”

“चित्राचा मध्य माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत. पाच फुटांच्या जरा खाली.”

“कुठल्या माणसाच्या? तो औंधचा पोरगा इथे आला तर मान वर करून बघेल. एका भिंतीवरची उंची चार फुटांच्या आत घे. मोठे वाकतील. वाकू देत.”

मग आम्ही टेबल हलवलं. मी ते दारासमोर ठेवलं होतं, म्हणजे आल्या आल्या लेखक दिसेल. मामांनी ते ओढत हॉलच्या शेवटच्या कोपऱ्यात नेलं. आता सहीची रांग दारापासून सुरू होऊन डाव्या भिंतीला लागून संपूर्ण हॉलभर फिरते. चाळीस माणसं, प्रत्येकाशी दोन मिनिटं धरली तरी शेवटच्याला सव्वा तास रांगेत थांबावं लागेल, आणि तो सव्वा तास त्याच्या हाताशी चित्रं असतील. एकेका चित्रापुढे तीन-चार मिनिटं. “रांगेत उभा राहिलेला माणूस समोर असेल ते बघतो,” मामा म्हणाले. “पोस्टात भिंतीवरचे नियमसुद्धा वाचतो.” व्यासपीठ नाही, माइक नाही, शाल-श्रीफळ नाही, हे आमचं आधीच ठरलं होतं. खुर्च्या फक्त वयस्कर माणसांसाठी, चित्रांकडे तोंड करून.

पैशांचं मात्र त्यांना पटलं नाही, आणि अजूनही पटलेलं नाही. विकल्या गेलेल्या चित्राच्या किमतीतला तिसरा हिस्सा दालनाचा, पुस्तकावर प्रकाशक देईल ती सवलत, आणि आमच्या तिघींच्या पगारातून दरमहा काही रक्कम, असा हिशेब आहे. मामांचं म्हणणं, चित्रकाराकडून काही घेऊ नये, त्याने रंग आणि कॅनव्हास आधीच घेतलेला असतो. माझं म्हणणं, फुकट मिळालेली भिंत तीन दिवसांनी काढून घेतली जाते, भाडं भरलेली भिंत बाराही महिने राहते. आमचं यावर एकमत झालं नाही. चित्रकार सुधीर पटवर्धनांनी २००८-०९ मध्ये समकालीन चित्रांचं प्रदर्शन मुंबईबाहेरच्या शहरांत फिरवलं, लोकांनी ते बघितलं, चर्चा केल्या. ते पुढे गेलं, आणि त्या गावांत मागे भिंत राहिली का, हा माझा प्रश्न आहे. प्रदर्शन फिरतं असावंच. पण ते उतरेल असं एक घर गावात हवं.

निघताना मामांनी दारात थांबून विचारलं, “सहीच्या संध्याकाळी लोक येतील, ते मी मान्य करतो. त्यानंतरच्या मंगळवारी कोण येईल?”

“कुणी आलं तर त्याला पाच पावलं मागे जायला सांगणारं माणूस इथे हवं,” मी म्हटलं.

दर मंगळवारी दुपारी तीन ते सात मामा इथे बसणार आहेत. मानधन त्यांनी नाकारलं. चहा आमचा.

पहिलं प्रदर्शन मराठी पुस्तकांच्या आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचं आहे. दीनानाथ दलाल, बाळ ठाकूर, पद्मा सहस्रबुद्धे, वसंत सरवटे, सुभाष अवचट यांची कामं आपण घराघरांत छापील रूपात पाहिली. मुखपृष्ठांची मूळ चित्रं ब्लॉक करायला छापखान्यात जात आणि त्यांतली अनेक तिथून परत आलीच नाहीत. सातारा, सांगली, कराड, इस्लामपूर, विटा, तासगाव, जत, या भागात जुने छापखाने होते, ब्लॉकमेकर होते, मासिकांचे एजंट होते. त्यांच्या माळ्यांवर, पेट्यांत, कपाटांच्या मागे अशी चित्रं असू शकतात. पिवळी पडलेली असोत, कोपरे कुरतडलेले असोत, मागे पेन्सिलीने मापं लिहिलेली असोत. तुमच्याकडे असं काही असेल तर रद्दीत घालू नका. आम्हांला दाखवा. चित्र तुमचंच राहील, तुमच्या नावासकट भिंतीवर लागेल आणि महिन्याने तुमच्या हातात परत येईल. आणि बघायला याल तेव्हा मुलांना घेऊन या. डावीकडची भिंत त्यांच्या उंचीची आहे.